सामायिक म्हणजे सर्वांना मोकळे नव्हे

संघटनेच्या कामातले काही प्रश्न इतके किरकोळ समजले जातात की ते बैठकीच्या विषयपत्रिकेवर कधी येतच नाहीत. कार्यालयाची किल्ली कोणाकडे असते, पावतीपुस्तक कोणाच्या कपाटात राहते, जुना पत्रव्यवहार कोण सांभाळते, हे असेच प्रश्न. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. एका संगणकावरची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडेनाशी झाली की आपण कोणाला हाक मारतो?

बहुतेक गटांत उत्तर ठरलेले असते. कोणाचा तरी भाऊ, मुलगा, भाचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातला दुरुस्तीवाला. तो येतो, आपल्याकडे पाठ करून खुर्चीत बसतो, दहा मिनिटे काहीतरी करतो आणि उठतो. फाईल उघडते. आपण त्याला चहा देतो, आभार मानतो आणि अर्धवट राहिलेला अर्ज पुरा करायला बसतो. त्याने नेमके काय केले हे कोणी विचारीत नाही. त्यालाही सांगावेसे वाटत नाही, कारण बायकांना त्यातले काय कळणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलेले असते.

मला वाटते, या गृहीतावर आता बोलायला हवे. घरातल्या किंवा कार्यालयातल्या दोन संगणकांमधली वाट बंद का पडते, हे शोधणे आपल्या आवाक्यातले आहे. आणि ते आपणच शोधायला हवे, कारण ती वाट कोणासाठी उघडायची आणि कोणासाठी बंद ठेवायची हा तांत्रिक प्रश्न नाही. तो आपल्याकडे विश्वासाने आलेल्या बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

निजामपुऱ्यातले उदाहरण

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमच्या ओळखीचा एक छोटा महिला गट आहे. त्याचे कार्यालय म्हणजे एका कार्यकर्तीच्या घराची पुढची खोली. ज्यांना भिवंडी ठाऊक आहे त्यांना अशी घरे डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. एकमेकांना खेटून भिंती, एकच जिना, जवळपास कुठेतरी मागांचा अखंड खडखडाट. घराघरांत बायका कांड्या भरतात, कापडावरचे सुटे धागे कापतात आणि त्यातूनच वेळ काढून गटाच्या बैठकीला येतात. या गटाकडे एक जुना टेबलावरचा संगणक आहे आणि नंतर मिळालेला एक लॅपटॉप. जुन्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या तक्रारींची नोंद आहे. लॅपटॉपवर अर्ज आणि पत्रे तयार होतात. दोन्ही घराच्याच वायफायवर. त्याच वायफायवर वरच्या मजल्यावर दिराचा संगणक, ज्यावर ताग्यांचा हिशेब चालतो. आणि त्याच वायफायचा पासवर्ड शेजारच्या दोन घरांकडे, कारण एका कनेक्शनचा खर्च तिघांनी वाटून घेतलेला.

एका पावसाळ्यात लॅपटॉपवरून जुन्या संगणकातल्या फाईली उघडेनात. दुरुस्तीवाला आला. जाताना म्हणाला, "सगळं ओपन करून दिलंय, आता कधी अडणार नाही." आणि खरोखरच अडले नाही. काही आठवड्यांनी ताग्यांचा हिशेब लिहिणारी वरची मुलगी खाली येऊन हळूच म्हणाली, "चाची, तुमच्या फाईली वरच्या कॉम्प्युटरवर दिसतात." दिसत होत्या म्हणजे काय, तर तक्रार अर्जांचे फोल्डर होते आणि त्यातल्या प्रत्येक फाईलला त्या त्या बाईचे नाव दिलेले होते. त्यातली एक बाई त्याच गल्लीत नांदत होती.

मुलगी समजूतदार म्हणून तिने चाचीला सांगितले. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर? हा प्रश्न विचारला की दुरुस्तीवाल्याच्या हेतूबद्दल बोलायचे कारणच उरत नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या दृष्टीने बंद फोल्डर हा बिघाड होता आणि उघडे फोल्डर ही दुरुस्ती. ते फोल्डर वरच्या मजल्यापासून बंद असणे हीच त्या बाईची सुरक्षितता आहे, हे ठरवणे त्याचे काम नव्हते. ते आपले काम होते.

भिवंडीत तर हे अधिकच खरे आहे. मे १९७० आणि मे १९८४ अशा दोन दंगली या गावाने पाहिल्या आहेत. नाव आणि पत्ता असलेली यादी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न इथल्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही.

मोकळे काय, झाकलेले काय

'सामायिक' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. सामायिक नळ, सामायिक जिना, सामायिक सातबारा. एकत्र कुटुंबात सगळेच सामायिक म्हणवले जाते. पण त्या सामायिकात बाईचे म्हणून एक कुलूप नसते, तिची ट्रंकसुद्धा कोणीही उघडावी. आणि तेच घर तिच्या हक्काचे आहे का असे विचारले, की मात्र घर सासऱ्याच्या नावावर असल्याचे कळते. म्हणून तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात सामायिक घराची व्याख्या करावी लागली. मालकी कोणाचीही असो, त्या घरात राहण्याचा तिचा हक्क कलम १७ ने मान्य केला. म्हणजे सामायिक या शब्दाचा अर्थ आपोआप ठरत नाही. कोणाला किती, हे लिहून ठरवावे लागते. घराचे जे, तेच फोल्डरचेही.

आपल्या चळवळीने हा धडा फार पूर्वी घेतलेला आहे. मथुरा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, त्यानंतर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र गटागटांत वाचले गेले. ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. पत्र खुले होते, सर्वांनी वाचावे म्हणूनच लिहिलेले होते. त्या चळवळीच्या रेट्याने १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत कलम २२८-अ आले आणि अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ७२ मध्ये आहे.

म्हणजे एकाच लढ्यातून दोन गोष्टी आल्या. अन्यायाची चर्चा चव्हाट्यावर व्हावी आणि बाईचे नाव झाकलेले राहावे. काय उघडायचे आणि काय झाकायचे हे चळवळीने ठरवले. मग आपल्या संगणकात ते दुसऱ्याने का ठरवावे?

धागा कुठे तुटला?

कांडीवर बसणारी बाई धागा तुटला म्हणून यंत्र बदलत नाही. ती तुटलेले टोक शोधते आणि गाठ मारते. दोन संगणकांमधली वाट बंद पडली तर रीत हीच. फक्त शोध क्रमाने घ्यावा लागतो. गटाच्या भिंतीवर चार शब्द लिहून ठेवावेत: जाग, वाट, ओळख, परवाना. या चार ठिकाणांपैकी कुठेतरी धागा तुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा पडद्यावर येणारी सूचनाच ते ठिकाण सांगते. इंग्रजी सूचना दिसली की आपण ती घाईने बंद करतो. तसे न करता ती जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावी. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' अशा अर्थाची सूचना असेल तर आधी जाग आणि वाट तपासायची. नाव आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला जात असेल तर ओळख तपासायची. 'परवानगी नाही' असे म्हणत असेल तर परवाना.

जाग. ज्या संगणकात फाईल आहे तो सुरू आहे का? हसू येईल, पण पुष्कळदा दुरुस्ती इथेच संपते. संगणक काही वेळ वापरला नाही की झोपी जातो, आणि झोपलेला संगणक दाराशी आलेल्याला ओ देत नाही. वीज जाऊन आली की आणखी एक गोष्ट घडते. वायफायची पेटी, म्हणजे राउटर, प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता देतो. पेटी बंद होऊन सुरू झाल्यावर तो पत्ता बदलू शकतो. आपण जुन्या पत्त्यावर ठोठावत बसतो आणि घरमालक दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून फोल्डरची वाट आकड्याऐवजी संगणकाच्या नावाने तयार करावी, किंवा त्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा.

वाट. दोन्ही संगणक खरोखर एकाच जाळ्यावर आहेत का? एक घराच्या वायफायवर आणि दुसरा कोणाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर ते एकमेकांना भेटणार नाहीत. काही राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. ते मुद्दामच असे केलेले असते की पाहुण्याला इंटरनेट मिळावे, पण घरातले संगणक दिसू नयेत. काही घरांत कंपनीची एक पेटी असते आणि तिला जोडलेली आपली दुसरी. तेव्हा नकळत दोन जाळी तयार होतात. हे ओळखण्यासाठी दोन्ही संगणकांवर काळ्या पडद्याची कमांडची खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरगुती जोडणीत बहुधा जाळी वेगळी असल्याची ती खूण असते. त्याच खिडकीत 'पिंग' लिहून दुसऱ्याचा पत्ता दिला आणि उत्तर आले तर रस्ता आहे. उत्तर आले नाही तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, कधी कधी हे उत्तरही अडवते.

रस्ता असूनही दार लावलेले असू शकते. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारते. स्टेशनवरचे वायफाय पब्लिक, घरचे प्रायव्हेट. नवे जाळे दिसले की विंडोज सहसा ते पब्लिक धरते आणि फाईलींची देवाणघेवाण बंद ठेवते. राउटर बदलला आणि फाईली दिसेनाशा झाल्या, तर पहिला संशय याच शिक्क्यावर घ्यावा. गटाच्या जागेतले जाळे प्रायव्हेट करावे, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' फक्त प्रायव्हेटसाठी सुरू करावे, पब्लिकसाठी कधीही नाही. आणि दुसऱ्या संगणकाचे नाव यादीत दिसत नाही म्हणजे तो पोहोचण्यापलीकडे आहे असे नव्हे. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे त्याचा पत्ता थेट टाकून पाहावे. फोल्डर उघडले तर बिघाड फक्त नावांच्या यादीत आहे. ज्या संगणकाचे नाव दिसत नाही त्यावरची 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा सुरू आहे का, ते मग बघावे.

ओळख. इथे सर्वांत जास्त जणी अडतात आणि इथेच दुरुस्तीवाले सगळे दरवाजे उघडून देतात. दुसरा संगणक जे नाव आणि पासवर्ड मागतो ते त्याच्या खात्याचे, आपल्यासमोरच्या संगणकाचे नव्हे. रोज आपण ज्या चार आकड्यांच्या पिनने संगणक उघडतो ती पिन फक्त त्याच संगणकापुरती असते. जाळ्यावरून ती चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तरीही विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. आणि मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल, तर आपल्या संगणकाने लक्षात ठेवलेला जुना पासवर्डच पुढे केला जातो. तो 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन पुसून टाकावा लागतो.

यावर साधा आणि सुरक्षित उपाय आहे. ज्या संगणकात फाईली आहेत तिथे प्रत्येक कार्यकर्तीसाठी स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र पासवर्ड तयार करावा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याऐवजी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' हा पर्याय बंद करून टाकला जातो, आणि निजामपुऱ्यात जे झाले ते घडते. अलीकडच्या विंडोजमध्ये बिनओळखीच्या पाहुण्याला आत घेणे अडवलेले असते. तेव्हा तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे फोल्डर उघडता येत नाही, अशा अर्थाची सूचना येते. घरातल्या बाईला वाटते, माझी कुठली संस्था आणि कुठले धोरण? तिथेही ती अटकाव मोडून काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. खाते करावे.

परवाना. ओळख पटली तरी काय वाचायचे आणि काय बदलायचे हे वेगळे ठरते. इथे दोन कुलपे असतात. एक 'शेअरिंग'चे आणि दुसरे 'सिक्युरिटी'चे. जाळ्यावरून येणारीला दोन्ही उघडावी लागतात आणि दोहोंत जे कडक असेल ते लागू होते. एका ठिकाणी परवानगी देऊन दुसऱ्या ठिकाणी विसरले, की 'परवानगी नाही' असे उत्तर येते. मग कंटाळून यादीतल्या 'एव्हरीवन'ला, म्हणजे सर्वांना, पूर्ण अधिकार दिला जातो. त्या एका शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी प्रत्येकीने स्वतःला विचारावे: सर्वांना म्हणजे कोणाकोणाला?

जुन्या यंत्राची अडचण

आपल्या गटांकडे संगणक बहुधा कोणीतरी वापरून दिलेले असतात. फार जुना संगणक आणि नवा लॅपटॉप यांचे जुळत नाही, त्यामागे एक कारण आहे. फाईली देण्याघेण्याची जी बोली विंडोज वापरते तिची पहिली, जुनी आवृत्ती असुरक्षित ठरली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू याच बोलीतल्या एका भोकातून जगभर शिरला. दीडशेवर देशांतले संगणक त्याने कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे काम ठप्प झाले. त्या भोकाला ठिगळ दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, दिले गेले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ती जुनी बोली मुळात बसवली जाणेच बंद झाले.

म्हणून जुन्या यंत्राशी जुळावे यासाठी नव्या लॅपटॉपवर ती बोली पुन्हा सुरू करून देणारा दुरुस्तीवाला आपले काम करीत नाही, धोका पेरीत असतो. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये. अशा जुन्या संगणकातल्या फाईली पेनड्राइव्हने किंवा बाहेरच्या डिस्कने काढून घ्याव्यात आणि त्याला जाळ्यावरून निवृत्त करावे.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. फाईल उघडते, पण आत अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. इथे जाळ्याचा काही दोष नसतो. ती फाईल श्रीलिपी, शिवाजी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असते आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. निजामपुऱ्यात मराठी अर्जांच्या जोडीला उर्दू कागद असतात. ते इनपेजमध्ये केलेले असले तर ज्या संगणकावर इनपेज नाही तिथे उघडतच नाहीत. इथून पुढचे सगळे लेखन, मराठी असो की उर्दू, युनिकोडमध्ये करायचे, एवढा एक ठराव गटाने केला तरी पुढची वीस वर्षे वाचतील.

कुलूप आपल्या हाताने

वाट सुरू झाल्यावर खरे काम सुरू होते. माझ्या मते प्रत्येक गटाने आपल्या फाईली तीन ठिकाणी विभागाव्यात. पहिल्यात पत्रके, गाणी, शासन निर्णय, शिबिरांचे साहित्य. हे सर्व कार्यकर्त्यांना वाचता यावे. दुसऱ्यात बैठकींचे इतिवृत्त, हिशेब, पत्रव्यवहार. हे पाहण्याची सर्वांना मुभा, बदलण्याची मात्र जबाबदार दोघीतिघींनाच. तिसऱ्यात बायकांच्या तक्रारी. हे फोल्डर जाळ्यावर असूच नये. ते एकाच संगणकावर, प्रकरण हाताळणाऱ्या दोघींच्या खात्यातच राहावे.

फाईलला बाईचे नाव देऊ नये, क्रमांक द्यावा. क्रमांक आणि नाव यांची यादी कागदाच्या वहीत, कुलपात. कारण आतला मजकूर पासवर्डने बंद केला तरी बाहेरचे नाव दिसतेच, आणि आपल्या वस्त्यांत नाव पुरेसे असते. अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादीही संगणक दाखवतो, हे विसरू नये.

दोन सवयी सर्वांनीच अंगी बाणवाव्यात. जाळ्यावरून दुसऱ्या संगणकातली फाईल पुसली तर ती कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, कायमची जाते. त्यामुळे पुसण्याचा अधिकार थोड्याच जणींना असावा. आणि सामायिक फोल्डर म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत नव्हे. खंडणीखोर विषाणू एका संगणकात शिरला की ज्या सामायिक फोल्डरमध्ये त्या संगणकाला लिहिता येते तिथेही पोहोचतो. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढावी, आणि ती डिस्क संगणकाला जोडून न ठेवता दुसऱ्या घरी ठेवावी.

संगणकाचे मुख्य खाते, ज्याला अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात, ते कोणाच्या नावावर आहे? राउटरचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? ज्याच्या हाती ही दोन खाती, त्याच्या हाती बाकीची सगळी कुलपे. ही खाती गटाच्या निवडलेल्या दोघींच्या हाती असली पाहिजेत, आणि दर वर्षी पदाधिकारी बदलतात तसे पासवर्डही बदलले पाहिजेत.

'व्हॉट्सअॅप आहे ना!'

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी येतो. एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर पाठवून द्यावे. पत्रके जरूर पाठवावीत. पण बाईचा अर्ज पाठवला की तो जितक्या फोनवर पोहोचला तितक्या प्रती झाल्या, आणि प्रत्येक फोन त्या कार्यकर्तीच्या एकटीच्या हातात असतो असे कोण म्हणेल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. त्याच पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. घरातल्या जाळ्यावरची फाईल एकाच जागी राहते, इंटरनेट बंद असतानाही उघडते, आणि ती कोणी उघडावी हे आपण ठरवू शकतो. हा फायदा सोडून देण्यासारखा नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. आम्ही कार्यकर्त्या आहोत, संगणकवाल्या नव्हेत. पण मैत्रिणींनो, आपण वकील नसताना कलमे शिकलो, डॉक्टर नसताना आपल्या शरीराची माहिती घेतली, पोलीस ठाण्यात तक्रार कशी लिहून घ्यायला लावायची ते शिकलो. वकिलाशिवाय कोर्टात उभे राहायचे म्हणून नाही, तर वकील काय करतो आहे ते कळावे म्हणून. संगणकाचेही तसेच आहे. दुरुस्तीवाल्याला बोलवायचेच नाही असे माझे म्हणणे नाही. तो आला की आपल्यापैकी एकीने शेजारी खुर्ची घेऊन बसावे, त्याने काय बदलले ते वहीत लिहून घ्यावे आणि तो गेल्यावर तिसऱ्या कोणाच्या संगणकावरून आपले फोल्डर दिसते का ते तपासावे. इतके जमले तरी अर्धी बाजी मारली.

आणि शिकलेल्या मुली आपल्यातच आहेत. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी मिळवलेल्या कितीतरी मुली निजामपुऱ्यात, भिवंडीच्या इतर मोहल्ल्यांत, गावोगाव घरी बसल्या आहेत. वडिलांच्या ताग्यांचा हिशेब लिहिणारी ती मुलगीच बघा. बिघाड तिच्याच नजरेला आला, पण दुरुस्तीच्या वेळी तिला कोणी बोलावले नव्हते. तिला आपण भाची किंवा पुतणी म्हणून न बघता कार्यकर्ती म्हणून बोलावले तर गटाला तरुण हात मिळतील आणि तिला तिच्या शिक्षणाचा मान.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्रांच्या जोडीला दोन तासांचे एक सत्र संगणकांच्या जोडणीसाठी ठेवावे. व्याख्यान नको. दोन संगणक आणि एक राउटर मध्ये ठेवावा, वाट मुद्दाम चार ठिकाणी बंद करावी आणि बायकांनी गटागटाने ती शोधावी. शेवटी प्रत्येक गटाने आपल्या कार्यालयापुरत्या तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: मुख्य खाते कोणाकडे आहे, तक्रारींचे फोल्डर कोण उघडू शकते आणि दुसरी प्रत कुठे ठेवली आहे. ज्या गटाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, त्याने परत गेल्यावर त्याच आठवड्यात ते शोधून काढावे. आपल्या दारात येणारी बाई घरातले सगळे मागे ठेवून, फक्त आपले म्हणणे घेऊन येते. ते कोणाकोणाला वाचता येते, हे तिने विचारले तर आपल्याला सांगता आले पाहिजे.